पगाराची तारीख आणि काळी जमीन : मराठी कथात्म साहित्यातील मध्यमवर्ग, सायखेडा परिसराच्या संदर्भात

बीजशब्द : मध्यमवर्ग, पांढरपेशा, प्रतिष्ठा, ग्रामीण कादंबरी, निफाड तालुका

प्रस्तावना

मराठी समीक्षेत 'मध्यमवर्ग' हा शब्द वारंवार येतो. मात्र तो बहुतेक वेळा वर्णनासाठी नव्हे, तर निवाड्यासाठी वापरला जातो. एखादी कादंबरी 'मध्यमवर्गीय' आहे असे म्हटले की तिचे अनुभवविश्व संकुचित आहे, तिची भाषा सोवळी आहे आणि तिच्यातील दुःखे किरकोळ आहेत, असे आपोआपच सुचवले जाते. साठोत्तरी काळात दलित आणि ग्रामीण साहित्यप्रवाहांनी शहरी पांढरपेशा साहित्याची मक्तेदारी मोडली. त्या संघर्षात या शब्दाला असा आरोपाचा अर्थ प्राप्त होणे स्वाभाविक होते आणि काही अंशी आवश्यकही होते. परंतु त्यातून पुढे एक सोयीची विभागणी रूढ झाली. एका बाजूला गाव, माती आणि शेतकरी. दुसऱ्या बाजूला शहर, नोकरी आणि मध्यमवर्ग. महाविद्यालयीन अभ्यासक्रमांतील प्रश्नपत्रिकाही बऱ्याच अंशी याच विभागणीवर आधारलेल्या असतात.

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील सायखेड्यासारख्या गावात बसून हे साहित्य वाचू लागले, की ही विभागणी अपुरी पडते. येथील विद्यार्थी शेतकरी कुटुंबातून येतो. त्याच्या घरापुढे ट्रॅक्टर उभा असतो. त्याचा चुलता किंवा मोठा भाऊ कारखान्यात, शाळेत अथवा बँकेत नोकरीला असतो आणि त्याच्या स्वतःच्या हातात स्पर्धा परीक्षेचे पुस्तक असते. हा विद्यार्थी ग्रामीण की मध्यमवर्गीय, या प्रश्नाचे उत्तर रूढ समीक्षेजवळ नाही. मध्यमवर्गीय असणे म्हणजे उत्पन्नाची एखादी पातळी गाठणे नसून, उत्पन्नाच्या निश्चिततेवर उभी राहिलेली आणि शेजाऱ्यांनी मान्य केलेली प्रतिष्ठा मिळवणे होय, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. मराठीतील काही महत्त्वाच्या कलाकृतींच्या आधारे हे प्रतिपादन तपासून पाहणे आणि निफाड परिसरातील आजच्या वास्तवाशी ते जोडणे, हा या लेखाचा उद्देश आहे.

१. काळी, पांढरी आणि पांढरपेशा

'मध्यमवर्ग' हा शब्द तुलनेने नवा आहे. मराठीचा स्वतःचा जुना शब्द 'पांढरपेशा' हा होय. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात गावाच्या रचनेतील 'काळी' आणि 'पांढरी' या दोन संज्ञांना मध्यवर्ती स्थान आहे. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. काळीत राबणाऱ्याच्या अंगाला माती लागते. पांढरपेशाच्या वस्त्राला ती लागत नाही. या शब्दात पैशाचा उल्लेख नाही, अंगमेहनतीपासूनचे अंतर तेवढे आहे. मराठी मनाने या वर्गाची ओळख प्रथमपासूनच मिळकतीवरून न करता कामाच्या स्वरूपावरून केली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

या वर्गाच्या घडणीशी निफाडचा संबंध जवळचा आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे झाला. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. त्या विद्यापीठातून प्रारंभी बी. ए. झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत रानडे यांचा समावेश होता. पदवी, सरकारी नोकरी, सार्वजनिक कार्य आणि ग्रंथव्यवहार या चार गोष्टी एकत्र आणणारा जो नवशिक्षित वर्ग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात उदयास आला, त्याचे नेतृत्व रानडे यांनी केले. मराठी ग्रंथकारांची पहिली सभा १८७८ साली पुण्यात भरली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. पुढील काळातील साहित्य संमेलनांची परंपरा या सभेपासून मोजली जाते.

१८८५ साली अशीच दुसरी सभा भरली, तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांना निमंत्रण गेले. फुले यांनी पत्र लिहून ते नाकारले. शूद्रातिशूद्रांच्या यातनांशी ज्यांच्या ग्रंथांचा मेळ बसत नाही, त्यांच्या सभेत सामील होण्यात अर्थ नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. तत्पूर्वी दोन वर्षे, १८८३ साली, त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून काळीच्या पिकावर पांढरी कशी पोसली जाते याची मांडणी केली होती. 'मध्यमवर्गीय साहित्य' या संज्ञेतील आरोपाचा उगम शोधायचा झाल्यास तो या पत्रापर्यंत जातो.

फुले यांचा नकार पूर्णतः न्याय्य होता. मात्र ज्यांच्या वतीने त्यांनी तो दिला, त्यांची पुढची पिढी कोणत्या दिशेने गेली, हेही पाहिले पाहिजे. ती शाळेच्या दिशेने गेली. १९१४ साली स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजासारख्या संस्थांनी नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्यांची मुले वसतिगृहांत आणली आणि काळीतून पांढरपेशा पेशाकडे जाणारा रस्ता खुला केला. परिणामी फुले यांच्या पत्रातील 'आम्ही' आणि 'तुम्ही' यांची सीमारेषा आज एकाच कुटुंबातून जाऊ लागली आहे. समीक्षेने मात्र ती रेषा अद्याप गावाच्या वेशीवरच ठेवली आहे.

२. महिना हे कालमापन

शहरी पांढरपेशाचे सर्वांत परिचित चित्र पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) आणि 'असा मी असामी' (१९६४) या पुस्तकांत आहे. 'असा मी असामी'चा निवेदक धोंडो भिकाजी जोशी हा कारकून आहे. त्याच्या आयुष्यात पैशाची चणचण कायमची आहे. कपडे, मुलांचे शिक्षण, पाहुणे आणि बदलत्या काळाबरोबर येणाऱ्या नव्या हौशी यांतील प्रत्येक गोष्ट त्याच्या खिशाला जड जाते. तरीही हे पुस्तक विनोदी होऊ शकते. त्याचे कारण लेखकाच्या प्रतिभेत आहे तसेच नायकाच्या आर्थिक स्थितीच्या स्वरूपातही आहे. धोंडोपंतांच्या चिंता पगार पुरेल की नाही याच्या आहेत. पगार होईल की नाही याच्या नाहीत. त्यांचे दारिद्र्य महिनाअखेरीचे आहे आणि महिनाअखेर संपते.

शेतकऱ्याच्या जगात काळाचे माप हंगाम हे असते. पेरणी, पाऊस, काढणी आणि बाजार यांपैकी कोणत्याही टप्प्यावर वर्ष फसू शकते. नोकरदाराच्या जगात काळाचे माप महिना हे असते आणि महिन्याला तारीख असते. तारीख ठरलेली असल्यामुळे उधारी करता येते, विम्याचा हप्ता भरता येतो, मुलाच्या शिक्षणाचा दहा वर्षांचा विचार करता येतो. काटकसर, नियमितपणा, शिस्त, दूरदृष्टी यांना 'मध्यमवर्गीय मूल्ये' म्हटले जाते. ती स्वभावगुण म्हणून मांडली जात असली, तरी ती बऱ्याच अंशी पगाराच्या तारखेची अपत्ये आहेत. ज्याच्या हाती वर्षातून एकदाच पैसा येतो आणि तोही किती येईल हे ज्याला ठाऊक नसते, त्याला बेशिस्त ठरवणे सोपे असते. परंतु त्याच्यापाशी शिस्तीला लागणारी तारीखच नसते. पु. लं. च्या वाचकांना हे जग आपले वाटले, कारण ती निश्चितता त्यांनी गृहीत धरलेली होती. गृहीत धरलेली गोष्ट साहित्यात सहसा दिसत नाही. ती ज्यांच्याजवळ नाही, त्यांच्या साहित्यात ती प्रथम दृग्गोचर होते.

३. शेजाऱ्यांची मान्यता

निश्चित पगार मिळाला म्हणजे माणूस मध्यमवर्गीय झाला का? बाबूराव बागूल यांनी या प्रश्नाचे उत्तर १९६३ सालीच देऊन ठेवले आहे. बागूल हे नाशिकजवळच्या विहितगावचे. त्यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथासंग्रहाच्या शीर्षककथेतील निवेदक शिकलेला आहे आणि रेल्वेतील नोकरीसाठी परगावी आला आहे. रेल्वेची नोकरी म्हणजे तारखेच्या पगाराची नोकरी. तथापि पगाराच्या बळावर त्याला राहण्यासाठी खोली मिळत नाही. खोलीसाठी जात लपवावी लागते. जात उघड होताच सुशिक्षित म्हणून मिळालेला मान क्षणात गळून पडतो आणि त्याच्या वाट्याला मारहाण येते.

'बटाट्याची चाळ' आणि ही कथा शेजारी ठेवून वाचल्यास एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. चाळीतील बिऱ्हाडकरूंची भांडणे नळावरून, गॅलरीवरून, उसनवारीवरून होतात. चाळीत खोली मिळण्याचा प्रश्न मात्र त्या विनोदाच्या कक्षेबाहेर राहतो. बागूलांची कथा त्याच प्रश्नापासून सुरू होते. मध्यमवर्ग हा स्वतःला पगारावर, शिक्षणावर आणि गुणवत्तेवर उभा असलेला खुला वर्ग मानतो. या वर्गाच्या दारावर आत घेणारा आणि बाहेर ठेवणारा एक अलिखित नियम असतो, हे या कथेने दाखवून दिले. दलित आत्मकथनांत पुढे शिक्षण, नोकरी आणि शहरातील घर मिळाल्यानंतरही आडनाव विचारले जाण्याचा जो अनुभव पुनःपुन्हा येतो, त्याची बीजे येथे आहेत.

यावरून मध्यमवर्गीयत्वाचे दोन घटक निश्चित करता येतात. पहिला घटक उत्पन्नाची निश्चितता आणि दुसरा घटक शेजाऱ्यांची मान्यता. पहिला नेमणूकपत्राने मिळतो. दुसरा कोणत्याही कार्यालयातून मिळत नाही.

४. परतीची वाट : 'कोसला' ते 'बारोमास'

बागूलांचा कथासंग्रह आणि भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' ही कादंबरी एकाच वर्षी, १९६३ मध्ये, प्रकाशित झाली. 'कोसला'चा नायक पांडुरंग सांगवीकर खानदेशातील सांगवी या गावाहून पुण्यात शिकायला येतो. वसतिगृह, खानावळ, मित्र, संमेलने यांत त्याची वर्षे जातात, पैसे जातात आणि अखेर तो शिक्षण अर्धवट टाकून गावी परततो. या परतण्याकडे आधुनिक माणसाचे परात्मपण, अर्थशून्यतेची जाणीव, पुणेरी संस्कृतीला दिलेला नकार अशा अंगांनी समीक्षेने पाहिले आहे. ही सर्व वाचने ग्राह्य आहेत. तथापि त्यांत एक साधी भौतिक बाब दुर्लक्षित राहते. पांडुरंगाला परतता येते, कारण परतण्यासाठी घर शिल्लक आहे. वडिलांची शेती आहे, गावात वजन आहे. पदवी फेकून देण्याची मुभा त्याला त्या जमिनीने दिली आहे. मध्यमवर्गीय आयुष्य नाकारणे हे त्याच्यासाठी अस्तित्ववादी कृत्य ठरू शकते, कारण त्यामुळे त्याची उपासमार होणार नसते.

सुमारे ४० वर्षांनी, २००२ साली, सदानंद देशमुख यांची 'बारोमास' ही कादंबरी आली. तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिचा नायक एकनाथ हाही शेतकऱ्याचा मुलगा आहे. तो पदव्युत्तर शिक्षण घेतो, शिक्षकाच्या नोकरीस लागणारी पात्रताही मिळवतो. नोकरीसाठी संस्थाचालकांना द्यावयाची रक्कम मात्र त्याच्याजवळ नाही. त्यामुळे शिकलेला एकनाथ शेतात राबतो. वडील सुभानराव, आई शेवंता, भाऊ मधू आणि पत्नी अलका या सर्वांचे परस्परसंबंध त्या न मिळालेल्या नोकरीभोवती ताणले जातात. पांडुरंगाने पदवी सोडली तरी जमीन होती. एकनाथाने पदवी मिळवली, पण नोकरी नाही आणि जमीनही तगवत नाही. दोन्ही नायक गावी राहतात. पहिल्याचे राहणे हा निर्णय आहे, दुसऱ्याचे राहणे हा नाइलाज आहे.

'बारोमास'ला शेतकऱ्याच्या दैन्याची कादंबरी म्हटले जाते आणि ती तशी आहेच. परंतु तिच्या केंद्रस्थानी असलेली इच्छा मध्यमवर्गीय होण्याची आहे. एकनाथाचे शिक्षण ही संपूर्ण घराने मध्यमवर्गात जाण्यासाठी केलेली गुंतवणूक होती. ती बुडाल्यानंतर घर उसवत जाते. म्हणजेच मध्यमवर्ग या कादंबरीत गावाच्या बाहेर, शत्रूच्या रूपात उभा नाही. तो माजघरात आहे, बापाच्या हिशेबात आहे, सुनेच्या अपेक्षेत आहे. ग्रामीण आणि मध्यमवर्गीय या दोन कप्प्यांत विचार करणाऱ्या समीक्षेला हे घर नीट दिसत नाही.

अलका या व्यक्तिरेखेकडे या दृष्टीने पुन्हा पाहणे गरजेचे आहे. नोकरी लागेल या भरवशावर ती या घरात आली. आशा मावळली तसे तिचे मन उडत गेले. वाचकाची सहानुभूती एकनाथाकडे झुकते आणि अलका सुखलोलुप, शहरी वळणाची ठरते. परंतु शेतीत स्त्रीचे स्थान काय असते हा प्रश्न विचारला, की हा निवाडा तितका सरळ राहत नाही. ती राबते त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर तिचे नाव बहुधा नसते. शेतकरी संघटनेने १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये याच नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी महिलांचे अधिवेशन भरवले आणि पुढे 'लक्ष्मीमुक्ती'च्या कार्यक्रमातून पत्नीच्या नावे जमीन करून देण्याचे आवाहन केले. त्यामागे हीच जाणीव होती. ज्या जमिनीवर आपले नाव नाही तिच्या भरवशावर आयुष्य काढण्यापेक्षा महिन्याच्या महिन्याला घरात येणारा पगार बरा, हा अलकेचा विचार व्यवहारी आहे. मध्यमवर्गाची ओढ स्त्रीला अधिक का वाटते, याचे उत्तर तिच्या हौशीत शोधण्यापेक्षा सातबाऱ्यात शोधणे योग्य ठरेल.

५. सायखेडा परिसर : उलाढाल आणि निश्चितता

'बारोमास'चा परिसर बुलढाण्याकडील कोरडवाहू शेतीचा आहे. सायखेडा गोदावरीच्या काठी, बागायती पट्ट्यात आहे. येथे द्राक्ष, कांदा, टोमॅटो, ऊस आणि भाजीपाला होतो. पिंपळगाव बसवंत बाजार समितीच्या सायखेडा येथील आवारात कांद्याचे लिलाव होतात. लासलगावची मोठी बाजारपेठही याच तालुक्यात आहे. येथील द्राक्ष बागाईतदाराची वार्षिक उलाढाल एखाद्या कारकुनाच्या पगाराहून अधिक असू शकते. मग त्याला मध्यमवर्गीय म्हणण्यास अडचण कोणती?

अडचण निश्चिततेची आहे. बागेची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी बार छाटणी. औषधे, मजुरी, खते आणि तार-बांबूचा मांडव यांवर आधी खर्च होतो. माल हाती येईपर्यंत अवकाळी पाऊस, गारपीट आणि कडाक्याची थंडी यांतील काहीही येऊ शकते. पिकाने तग धरला तरी बाजाराची खात्री नसते. २०१० साली युरोपात गेलेली भारतीय द्राक्षे रसायनाच्या अंशावरून अडवली गेली आणि त्याचा फटका नाशिकच्या बागाईतदारांना बसला. कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागले, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी झाली, मे २०२४ मध्ये ती अटींसह उठली आणि उरलेले २० टक्के शुल्क १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. या प्रत्येक निर्णयामागे शहरी ग्राहकाच्या स्वयंपाकघराचा विचार होता. शिवाय नदी आहेच. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीच्या पुराने सायखेडा आणि चांदोरी या दोन्ही गावांना वेढले. मोठी उलाढाल असलेले असे घर तारीख नसलेल्या काळात जगते.

याच तालुक्यात तारखेचा पगारही आहे. ओझरचा विमान कारखाना निफाड तालुक्यातच आहे. नाशिकरोडचे नोटांचे छापखाने आणि सातपूर-अंबडची औद्योगिक वसाहत फार दूर नाही. शाळा, महाविद्यालये, सहकारी बँका आणि पतसंस्था गावोगावी आहेत. त्यामुळे येथील असंख्य कुटुंबांत एक भाऊ बागेत आणि दुसरा नोकरीत, अशी वाटणी दिसते. कांद्याचा भाव पडला म्हणजे एकाचे वर्ष बुडते. भाव चढला म्हणजे दुसऱ्याच्या घरी महागाईची चर्चा होते. शरद जोशी यांनी 'भारत' आणि 'इंडिया' असा भेद मांडला. १९८० च्या नोव्हेंबरमधील कांदा-ऊस आंदोलनात सायखेड्याजवळच्या खेरवाडी रेल्वे स्थानकावर गाड्या रोखल्या गेल्या, तेव्हा तो भेद या परिसराने प्रत्यक्ष अनुभवला. आज त्या भेदाची रेषा पुष्कळ ठिकाणी एकाच घराच्या दोन खोल्यांमधून जाते. दिवाळीला दोन्ही भाऊ एकाच पंगतीला बसतात आणि कांद्याचा विषय निघाल्यास दोघेही सावधपणे बोलतात. या सावध संभाषणाची कादंबरी मराठीत अजून यायची आहे.

शासनव्यवहारातील व्याख्यांमुळे हा पेच अधिक स्पष्ट होतो. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीनंतर आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक ठरवताना कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत आणि शेतजमीन ५ एकरांपेक्षा कमी, अशा अटी घालण्यात आल्या. उत्पन्न बदलते, एकर बदलत नाहीत. गारपिटीच्या वर्षीही ते तितकेच मोजले जातात. उलट २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीखाली १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागणार नाही अशी घोषणा झाली, तेव्हा ती मध्यमवर्गाला दिलेली सवलत म्हणून मांडली गेली. शेतीचे उत्पन्न आयकराच्या कक्षेत नसल्यामुळे या मध्यमवर्गात शेतकरी मोजलाच जात नाही. एका व्याख्येने तो सवलतीस अपात्र ठरण्याइतका सधन आहे, दुसऱ्या व्याख्येने मध्यमवर्गाच्या गणतीतच नाही.

समाजाची व्याख्या लग्न जुळवताना कळते. बागाईतदार स्वतःच्या मुलीसाठी नोकरदार स्थळ शोधतो आणि स्वतःच्या शेतकरी मुलाला स्थळ येत नाही म्हणून खंतावतो. ही तक्रार आज महाराष्ट्रभर ऐकू येते. २०२२ च्या डिसेंबरमध्ये सोलापुरात लग्न न जुळणाऱ्या तरुणांनी नवरदेवाच्या वेशात मोर्चा काढला, इतकी ती सार्वजनिक झाली. बागेच्या उत्पन्नापेक्षा कमी पगार असलेला लिपिक या बाजारात वरचढ ठरतो. मध्यमवर्गीयत्व पैशाने मोजले जात नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

६. मध्य म्हणजे कोणाकोणाच्या मध्ये?

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप संभवतो. शेतकऱ्याला मध्यमवर्गाच्या चौकटीत पाहिले, तर शेतीवरील अरिष्टाची धार बोथट होणार नाही काय? आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर 'मध्य' या शब्दाच्या अर्थातच सापडते. मध्ये असणाऱ्याच्या वर कोणीतरी असतो, तसा खालीही कोणीतरी असतो. निफाडच्या द्राक्षबागांत छाटणी, थिनिंग आणि काढणीच्या कामासाठी पेठ, सुरगाणा या भागांतील आदिवासी मजुरांच्या टोळ्या दरवर्षी येतात आणि हंगामभर मळ्यात राहतात. त्यांच्या दृष्टीने बागाईतदार हा 'शेठ' आहे. शहरातील नोकरदारापुढे स्वतःला वंचित समजणारा शेतकरी या मजुरापुढे पांढरीतला माणूस ठरतो. बागूलांच्या कथेतील खोलीचा प्रश्न येथेही उभा राहतो. हा मजूर मळ्यात कोठे राहतो, कोणत्या भांड्यात पाणी पितो, गावाने त्याला शेजारी मानले आहे काय? ग्रामीण साहित्याच्या समीक्षेने 'शेतकरी' हा शब्द एकसंध मानला, तर हे प्रश्न झाकले जातात. मध्यमवर्गाची संकल्पना गावात आणल्याने अरिष्टाची धार कमी होत नाही. गावातील परस्परसंबंध मात्र उघड होतात.

दुसरी बाब वरच्या बाजूची आहे. ज्या निश्चिततेसाठी ही सारी धडपड चालली आहे, ती निश्चितताच विरत चालली आहे. २००० साली महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना आली आणि शिक्षकाची पहिली तीन वर्षे मानधनाची झाली. १ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू होणाऱ्या राज्य कर्मचाऱ्यांसाठी जुनी निवृत्तिवेतन योजना बंद झाली. मार्च २०२३ मध्ये तीच योजना परत मिळावी म्हणून राज्यातील कर्मचाऱ्यांनी संप केला. त्या संपाची मागणी पगारवाढीची नव्हती, उतारवयातील निश्चिततेची होती. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे अध्यापक पदव्यांनी प्राध्यापक आहेत, पण त्यांचे उत्पन्न हंगामी आहे. 'बारोमास'मधील एकनाथाला नोकरी मिळाली असती तर तो सुखी झाला असता, असे २००२ साली मानता येत होते. आजचा एकनाथ नोकरीत असूनही हंगामावर जगत असण्याची शक्यता आहे. शेतकऱ्याचा मुलगा पगाराच्या तारखेपर्यंत पोहोचतो न पोहोचतो, तोच ती तारीख पुसट होऊ लागली आहे.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१. मराठी साहित्यातील मध्यमवर्गीयत्व उत्पन्नाच्या आकड्यावर आधारलेले नसून उत्पन्नाची निश्चितता आणि शेजाऱ्यांची मान्यता या दोन घटकांवर आधारलेले आहे. पहिला घटक 'असा मी असामी'त गृहीत आहे. दुसऱ्याचा अभाव बागूलांच्या कथेत प्रकट होतो.

२. 'कोसला' आणि 'बारोमास' यांतील अंतर हे परतीची वाट शिल्लक असणे आणि नसणे यांतील अंतर आहे. पांडुरंगाचा नकार जमिनीच्या आधाराने शक्य झाला, ही बाब त्या कादंबरीच्या वाचनात विचारात घेतली पाहिजे.

३. 'बारोमास'मधील अलकेची नोकरदार घराची ओढ ही तिची वैयक्तिक हौस नसून जमिनीवर हक्क नसलेल्या स्त्रीचा सुरक्षिततेचा शोध आहे.

४. ग्रामीण आणि मध्यमवर्गीय ही विभागणी सायखेडा-निफाडसारख्या बागायती परिसराला लागू पडत नाही. येथे ती रेषा कुटुंबाच्या आतून जाते आणि मजूर, बागाईतदार व नोकरदार यांच्या परस्परसंबंधांत सतत जागा बदलते.

रानडे यांच्या ग्रंथकार सभेला फुले यांनी विचारलेला प्रश्न होता, की या ग्रंथांत आमचे दुःख कोठे आहे. तो प्रश्न आजही संपलेला नाही. मात्र तो विचारणाऱ्याची जागा बदलली आहे. एकेकाळी तो शेतकऱ्याने पांढरपेशाला विचारला. आज शेतकऱ्याच्या घरातून निघालेला आणि मध्यमवर्गाच्या उंबरठ्यावर थांबलेला विद्यार्थी तो ग्रामीण साहित्याला विचारू शकतो, आणि बागेत राबायला आलेला मजूर तोच प्रश्न त्या विद्यार्थ्याच्या घराला विचारू शकतो. या दोन्ही प्रश्नांना जागा देणारी कादंबरी निर्माण होणे हे लेखकांच्या हाती आहे. ती येईल तेव्हा तिला ओळखता यावे यासाठी, 'मध्यमवर्गीय' हा शब्द शेरा म्हणून वापरण्याचे थांबवून तो अभ्यासाचा विषय करणे, हे समीक्षेचे आणि साहित्य शिकवणाऱ्या वर्गाचे काम आहे.